डोक्यावर स्कार्फ, हातात चेंडू

मुलगी सातवी-आठवीत गेली की घरात एक वाक्य हमखास ऐकू येते : "आता पुरे झाले खेळणे, मोठी झालीस." हे वाक्य कोणी रागाने म्हणत नाही. अम्मी मायेने म्हणते, दादी काळजीने म्हणते. अब्बा तर बरेचदा काही म्हणतही नाहीत, फक्त संमतिपत्रावर सही करायचे टाळतात. आम्ही भिवंडी तालुक्यातील दिघाशीसारख्या गावात शिकवणारी माणसे. तालुक्याच्या शालेय स्पर्धांच्या याद्या भरताना हे वाक्य आम्हाला दरवर्षी भेटते. चौदा वर्षांखालच्या मुलींचा संघ सहज उभा राहतो. सतरा वर्षांखालच्या संघासाठी मात्र नावे शोधत फिरावे लागते. पळण्यात जी मुलगी कोणाला हाती लागत नव्हती, तीच पुढच्या वर्षी मैदानाच्या कडेला मैत्रिणींची दप्तरे सांभाळत बसलेली असते.

कारण विचारले तर उत्तर ठरलेले : "आपल्यात चालत नाही."

हे 'चालत नाही' नक्की कुठून येते, ते दीनमधून येते की सवयीतून, याचा घराघरांत शांतपणे विचार व्हावा असे आम्हाला वाटते. म्हणून या वेळी एका खेळाडूची ओळख करून देत आहोत. तिचे नाव बिलकिस अब्दुल-कादिर. अमेरिकेतली ही मुलगी बास्केटबॉलमध्ये आपल्या संपूर्ण राज्याचा विक्रम मोडून पुढे गेली. डोक्यावरचा स्कार्फ तिने एका सामन्यापुरताही उतरवला नाही. त्यासाठी तिने जी किंमत मोजली, ती फार थोड्या खेळाडूंना मोजावी लागली असेल.

खेळाचा जन्म आणि बंद दारे

बिलकिसचा जन्म १९९० सालचा, मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड शहरातला. योगायोग असा की बास्केटबॉल हा खेळही याच शहरात जन्मला. १८९१ च्या डिसेंबरात तिथल्या वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ नावाचे एक शिक्षक होते. बाहेर कडाक्याची थंडी, आत कंटाळलेली मुले. त्यांना गुंतवून ठेवणारा, पण धसमुसळेपणा नसलेला खेळ हवा होता. नेस्मिथ यांनी सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले आणि चेंडू मुलांच्या हाती दिला. टोपली जमिनीपासून दहा फुटांवर होती. आजही जगभर बास्केटची कडी दहा फुटांवरच, म्हणजे ३.०५ मीटरवर असते. एका शिक्षकाने वर्गाची अडचण सोडवताना शोधलेला हा खेळ आहे, हे आम्हा शिक्षकांना विशेष जवळचे वाटते.

पुढची गोष्ट आपल्या वाचक भगिनींसाठी महत्त्वाची आहे. स्प्रिंगफील्डपासून जवळच नॉर्थॅम्प्टन येथे मुलींचे स्मिथ कॉलेज आहे. तिथल्या व्यायामशिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी हा खेळ मुलींसाठी घेतला आणि त्याचे नियम मुलींना मानवतील असे बदलले. २२ मार्च १८९३ रोजी तिथे मुलींचा पहिला सामना झाला, तेव्हा पुरुषांना आत प्रवेश नव्हता. तीन वर्षांनी, १८९६ मध्ये, सॅन फ्रान्सिस्को शहरात स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांच्या मुली एकमेकींविरुद्ध खेळल्या. त्या सामन्यालाही प्रेक्षक म्हणून फक्त बायकाच होत्या.

थोडक्यात, मुलींचा बास्केटबॉल सुरू झाला तोच एका अर्थाने पडद्यात. त्या काळच्या अमेरिकी समाजाला हयेची चिंता होती. त्यासाठी त्यांनी मुलींच्या हातून चेंडू काढून घेतला नाही, दारे लावून घेतली आणि मुलींना मनसोक्त खेळू दिले. खेळ आणि मर्यादा यांची सांगड घालण्याचा प्रश्न आपल्याच समाजाचा आहे, असे समजायचे कारण नाही.

तीन हजार सत्तर गुण

बिलकिस मोठ्या कुटुंबातली. घरात नमाज-रोजाचे वळण होते आणि घराबाहेर बास्केटबॉलचे वेड असलेले शहर होते. घरच्यांसोबत खेळता खेळता तिचा हात बसला. वयाच्या चौदाव्या वर्षापासून ती कोर्टवर हिजाब घालू लागली. डोक्याला घट्ट बसणारा स्कार्फ, जर्सीच्या आत पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पाय झाकणारी पँट, असा तिचा वेश ठरला. पुढे तो कधी बदलला नाही.

तिची उंची साडेपाच फूटही नाही. बास्केटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सहा-सहा फुटांचे खेळाडू येतात. पण या खेळात 'पॉइंट गार्ड' नावाची एक जागा असते. चेंडू पुढे नेणे, कोणाला कधी द्यायचा हे ठरवणे, समोरच्या संघाचा डाव ओळखणे, हे तिचे काम. संसारात घरची कर्ती बाई जे करते, तेच साधारण संघात पॉइंट गार्ड करते. तिथे उंचीपेक्षा नजर, हाताचे कसब आणि दम यांना किंमत असते. चेंडू दोन्ही हातांनी सारखाच टप्पे देत नेता आला पाहिजे, तोही चेंडूकडे न बघता. हे कसब जन्मतः कोणाला मिळत नाही. रोज तास-दोन तास घासावे लागते.

बिलकिसने ते घासले. शाळेतली वर्षे संपली तेव्हा तिच्या नावावर ३,०७० गुण होते. मॅसॅच्युसेट्सच्या शालेय बास्केटबॉलमध्ये मुले आणि मुली दोघांनाही धरून हा सर्वोच्च आकडा ठरला. तिच्या आधीचा विक्रम २,७१० गुणांचा होता आणि तो रेबेका लोबो यांचा होता. लोबो म्हणजे साधीसुधी खेळाडू नव्हे. १९९५ मध्ये एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेत्या ठरलेल्या कनेक्टिकट विद्यापीठाच्या संघातली ती प्रमुख खेळाडू, आणि १९९६ च्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या अमेरिकी संघातही ती होती. लोबोचा विक्रम बिलकिसने २००९ मध्ये, तिनशेसाठ गुणांच्या फरकाने मागे टाकला.

अभ्यासातही ती मागे नव्हती. त्याच वर्षी १ सप्टेंबरला व्हाइट हाउसमध्ये रमजानची इफ्तार झाली. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी आपल्या भाषणात या मुलीचे नाव घेऊन कौतुक केले. मुस्लिम मुलींना खेळण्याची प्रेरणा मिळावी, अशी इच्छा तिने बोलून दाखवली होती; त्याचा उल्लेखही त्यांनी केला. तेव्हा तिचे वय होते अठरा.

पहिलेच वर्ष बाकावर

इथून पुढे रस्ता सरळ जाईल असे कोणालाही वाटले असते. मेम्फिस विद्यापीठाने तिला शिष्यवृत्ती देऊन बोलावले. पण तिथे पहिल्याच हंगामाआधी तिच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. बास्केटबॉलमध्ये धावता धावता एकदम थांबावे लागते, उडी मारून एका पायावर उतरावे लागते. त्यामुळे ही दुखापत या खेळात नेहमीची, आणि मुलींमध्ये तर अधिकच. शस्त्रक्रिया, मग महिनोन्‌महिने व्यायाम. संपूर्ण वर्ष बाकावर बसून इतरांचा खेळ पाहण्यात गेले.

राज्याचा विक्रम नावावर असलेल्या मुलीने एक वर्ष टाळ्या वाजवत बसायचे, ही सोपी परीक्षा नाही. ती त्यातून उठली आणि २०१० मध्ये मैदानात उतरली. अमेरिकेच्या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेच्या सर्वोच्च श्रेणीत हिजाब घालून खेळणारी पहिली मुस्लिम मुलगी म्हणून तिची नोंद झाली. मेम्फिसमधून पदवी घेतल्यावर २०१३-१४ चा हंगाम ती इंडियाना स्टेट विद्यापीठाकडून खेळली आणि तिथे पुढचे शिक्षणही घेतले.

रमजानमध्येही तिचा सराव चुकत नसे. रोजा ठेवून सराव करायचा आणि सूर्यास्ताला घोटभर पाण्याने इफ्तार करायची, हे तिच्या संघातल्या मुली पाहत होत्या. त्यांतल्या बऱ्याच जणींनी याआधी मुस्लिम मुलगी जवळून पाहिलीही नसेल. दीनविषयी तिने व्याख्याने दिली असतील-नसतील, पण तिच्यासोबत राहणाऱ्या मुलींना पाहण्यासारखे पुष्कळ होते.

नियमाची भिंत

२०१४ मध्ये तिचे महाविद्यालयीन खेळणे संपले. आता युरोपात व्यावसायिक खेळाडू म्हणून जायचे, हे तिचे लहानपणापासूनचे स्वप्न होते. तयारी सुरू झाली, आणि तेव्हा समोर आला आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा, म्हणजे 'फिबा'चा नियम. खेळाडूला डोक्यावर काहीही घालता येणार नाही. घाम अडवायला पाच सेंटिमीटर रुंदीची पट्टी चालेल, त्याहून जास्त काही नाही. कारण दिले जाई सुरक्षिततेचे : डोक्यावरच्या वस्तूने स्वतःला किंवा दुसऱ्या खेळाडूला इजा होऊ नये. युरोपातील व्यावसायिक सामने फिबाच्याच नियमांनी चालत. चार वर्षे अमेरिकेच्या महाविद्यालयीन सामन्यांत तिच्या स्कार्फने कोणाला साधा ओरखडाही आला नव्हता. तरी युरोपचे दार तिच्यासाठी बंद झाले.

हा फटका तिला एकटीला बसला नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये चीनमधील वुहान येथे आशिया चषक स्पर्धेत आपल्या भारतीय संघातील अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग या शीख खेळाडूंना पगडी उतरवून खेळायला भाग पाडले गेले. सप्टेंबरमध्ये दक्षिण कोरियातील इंचॉन येथे आशियाई खेळ झाले. तिथे कतारच्या मुलींना मंगोलियाविरुद्धच्या सामन्याआधी हिजाब उतरवायला सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला, सामना सोडला आणि स्पर्धेतून माघार घेतली. ज्या खेळांसाठी वर्षानुवर्षे तयारी केली, तिथून त्या न खेळता परतल्या.

बिलकिससमोर आता दोन रस्ते होते. स्कार्फ उतरवला तर युरोप, पगार, नाव. न उतरवला तर काहीच नाही. तिच्या मनात घालमेल झाली नाही असे नाही. स्कार्फ उतरवण्याचा विचारही मनात येऊन गेला, हे तिने पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. ज्या गोष्टीसाठी आयुष्य घासले ती समोर आणि मध्ये हातभर कापड, अशा वेळी मन डळमळणारच. तिचा प्रामाणिकपणा आम्हाला तिच्या विक्रमाइतकाच मोलाचा वाटतो, कारण आपल्या मुलींनाही अशा घालमेलीच्या वेळा येतात आणि त्यांना वाटते की आपलेच इमान कच्चे.

शेवटी तिने ठरवले : स्कार्फ राहील. पण ठरवल्यावर ती कोपऱ्यात जाऊन रडत बसली नाही. बोस्नियाई वंशाची अमेरिकी खेळाडू इंदिरा काल्यो आणि ती, अशा दोघींनी नियम बदलावा म्हणून सह्यांची मोहीम चालवली. लाखाहून अधिक सह्या जमल्या. शीख खेळाडूंच्या बाजूनेही आवाज उठलाच होता. फिबाने आधी प्रायोगिक सवलती दिल्या, आणि अखेर मे २०१७ मध्ये हाँगकाँग येथील आपल्या परिषदेत नवा नियम मंजूर केला. १ ऑक्टोबर २०१७ पासून तो लागू झाला.

हा नियम काय सांगतो ते आपल्या घरांत नीट माहीत असावे. डोक्यावरचे आवरण काळे, पांढरे किंवा संघाच्या गणवेशाच्या मुख्य रंगाचे असावे. संघातल्या सगळ्यांचे एकाच रंगाचे असावे. त्याने चेहरा झाकला जाऊ नये. चेहऱ्याजवळ किंवा मानेजवळ पिन, बटण, गाठ असे उघड-मीट करणारे काही नसावे आणि त्याचे टोक बाहेर लोंबू नये. बस्स, इतकेच. या अटी पाळून जगातली कोणतीही मुस्लिम मुलगी आता आंतरराष्ट्रीय सामना खेळू शकते. देशोदेशींच्या संघटना स्वतःचे नियम करतात ही गोष्ट वेगळी. फ्रान्समध्ये तिथल्या बास्केटबॉल महासंघाने आपल्या स्पर्धांत हिजाबला मनाई केली आहे, आणि तिथल्या मुलींची लढाई अजून चालू आहे.

तिच्या वाट्याला काय आले?

नियम बदलला तेव्हा बिलकिसची तीन उमेदीची वर्षे निघून गेली होती. खेळाडूच्या आयुष्यात बावीस ते सव्वीस ही वर्षे सोन्याची. ती ज्या युरोपात जाणार होती तिथे ती कधी व्यावसायिक म्हणून खेळली नाही. तिने उघडलेल्या दारातून दुसऱ्या मुली आत गेल्या.

हिशेब मांडायचा तर तिला काय मिळाले? आम्हाला वाटते, हा प्रश्न आपण मुलींच्या बाबतीत फार लवकर विचारतो. "खेळून काय मिळणार?" म्हणजे पैसा किती, नोकरी कोणती. बिलकिसला खेळाने विद्यापीठाचे शिक्षण दिले, तेही शिष्यवृत्तीवर. पुढे मेम्फिसमधील एका मुस्लिम शाळेत तिने क्रीडाविभाग सांभाळला. नंतर कॅनडात स्थायिक होऊन ती मुस्लिम मुलींसाठी बास्केटबॉलची शिबिरे घेऊ लागली, शाळा-महाविद्यालयांत व्याख्याने देऊ लागली. तिच्या या प्रवासावर 'लाइफ विदाउट बास्केटबॉल' हा माहितीपट २०१८ मध्ये आला. त्याच्या नावाचा अर्थ 'बास्केटबॉलवाचूनचे आयुष्य'. पण प्रत्यक्षात चेंडू तिच्या आयुष्यातून गेला नाही. आधी ती स्वतः खेळत होती, आता दुसऱ्यांच्या मुलींना खेळवते आहे.

तिच्या मनाची घडण

जिंकणाऱ्या खेळाडूचे मन कसे असते, यावर पुष्कळ लिहिले जाते. बिलकिसच्या आयुष्याकडे पाहून आम्हाला चार गोष्टी दिसतात. त्या आपल्या मुलींना खेळात तर लागतीलच, अभ्यासात आणि संसारातही लागतील.

पहिली, वेळेची शिस्त. ज्या घरात पाच वेळच्या नमाजचे वळण असते, तिथे दिवसाचे भाग आपोआप पडतात. सराव, अभ्यास, जेवण, झोप हे त्या भागांत बसवता येते. नमाज सरावाच्या आड येते असे काहींना वाटते; नीट ठरवले तर तीच सरावाचे वेळापत्रक होते.

दुसरी, उणिवेशी भांडत न बसणे. उंची कमी, तर तिने उंचीवाचून चालणारी जागा निवडली आणि त्या जागेवर सर्वांत पुढे गेली. आपल्या मुलीला कोणता खेळ, कोणता विषय जमेल हे पाहताना आपण तिच्यात काय नाही तेच आधी मोजतो.

तिसरी, थांबण्याची ताकद. गुडघ्यामुळे एक वर्ष, नियमामुळे तीन वर्षे. दोन्ही वेळा ती थांबली, पण थांबलेल्या वेळात हात बांधून बसली नाही. आपल्या भाषेत याला सब्र म्हणतात. सब्र म्हणजे सोसत बसणे, असा अर्थ आपण मुलींना शिकवून ठेवला आहे. बिलकिसच्या सब्रमध्ये सह्या गोळा करणे होते, पत्रे लिहिणे होते, लोकांपुढे उभे राहून बोलणे होते.

चौथी, आणि आम्हाला सर्वांत मोठी वाटणारी : आपण कोण आहोत याचा निर्णय तिने दुसऱ्यावर सोडला नाही. 'स्कार्फ घालतेस तर खेळू नकोस' म्हणणारे एका बाजूला होते, 'खेळायचे तर स्कार्फ सोड' म्हणणारे दुसऱ्या बाजूला. दोघांनाही तिने एकच उत्तर दिले : मी दोन्ही करीन.

'मुलीने पळणे शोभत नाही' म्हणणाऱ्यांना हजरत आयेशा (रजि.) यांच्या शर्यतीची रिवायत आठवण करून द्यावीशी वाटते. प्रवासात त्या प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासोबत धावण्याची शर्यत लावत. एकदा त्या पुढे गेल्या, काही काळाने शरीर जड झाल्यावर प्रेषित (स.) पुढे गेले आणि हसून म्हणाले की मागची भरपाई झाली. ही रिवायत आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. मुलीच्या स्पर्धेचे संमतिपत्र समोर आले की मात्र ती कोणाला आठवत नाही.

नागपाडा, पुणे, मुंब्रा

बास्केटबॉल आपल्यासाठी परका खेळ आहे असेही कोणी समजू नये. मुंबईतल्या नागपाड्याला या खेळाची जुनी परंपरा आहे. १९२७ मध्ये तिथे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी 'नागपाडा नेबरहूड हाउस' सुरू केले. पुढे मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटांची संस्था उभारणारे हेच मॅनशार्ट. नागपाड्याच्या गल्ल्यांतून आणि मस्तान वायएमसीएच्या कोर्टवरून भारतीय संघात गेलेल्या खेळाडूंची रांग आहे. त्यांतले अब्बास मुन्तसिर भारताचे कर्णधार झाले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. दाटीवाटीच्या मुस्लिम वस्तीतून, एका छोट्या कोर्टवरून हे झाले.

मुलींमध्ये पुण्याच्या शिरीन लिमयेने भारतीय संघाचे कर्णधारपद सांभाळले आहे. २०१७ मध्ये बेंगळुरू येथे भारतीय महिलांनी आशिया चषकाच्या 'ब' गटाच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असे, अवघ्या दोन गुणांनी हरवून विजेतेपद मिळवले आणि वरच्या गटात प्रवेश केला. चेन्नईच्या अनिता पॉलदुराई वर्षानुवर्षे भारतासाठी खेळल्या, लग्नानंतर आणि मूल झाल्यानंतरही परत आल्या आणि २०१७ च्या त्या विजयात सहभागी झाल्या. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. काश्मीरमधील बारामुल्ला जिल्ह्याच्या इशरत अख्तरच्या पाठीच्या कण्याला घरातून पडून दुखापत झाली. व्हीलचेअरवर बसून ती बास्केटबॉल शिकली आणि २०१९ मध्ये थायलंडमधील स्पर्धेत भारताकडून खेळली. चालता येत नाही म्हणून तिच्या हातून चेंडू सुटला नाही. मग धडधाकट मुलींच्या हातून तो का सुटावा?

आणि भिवंडीच्या शेजारचे मुंब्रा? तिथे 'परचम' या संस्थेने मुलींसाठी फुटबॉल सुरू केला. ओढण्या, स्कार्फ घेतलेल्या मुली मैदानात उतरल्या. मुलींना खेळायला हक्काची जागा मिळावी म्हणून त्यांनी सह्याही गोळा केल्या. अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर, आपल्यासारख्याच घरांतल्या मुलींनी हे केले आहे.

आता उरली ती सवय

बिलकिससाठी दार बंद होते ते लिहिलेल्या नियमाने. त्या नियमाला क्रमांक होता, तो करणारी संस्था होती, म्हणून त्याच्याविरुद्ध अर्ज करता आला. आपल्या मुलींसाठी दार बंद आहे ते सवयीने. सवयीला कार्यालय नसते, तिच्याविरुद्ध सह्या गोळा करता येत नाहीत. ती आपणच आपल्या घरात बदलायची असते, आणि तिला वर्षेही लागायला नकोत.

काय करता येईल? कपड्यांचा प्रश्न सर्वांत सोपा. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, सैल ट्रॅक पँट, आणि टी-शर्टच्या ताणल्या जाणाऱ्या कापडाचा, डोक्यावरून सरळ चढवायचा, पिन नसलेला स्कार्फ. यंत्रमागांच्या भिवंडीत कापड आणि शिंपी यांची वाण कुठे आहे? जागेचा प्रश्नही फार अवघड नाही. पूर्ण कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते, पण सरावाला त्याच्या निम्मीही जागा पुरते. दहा फुटांवर एक कडी, तीही एकच. गावातला वेल्डर करून देईल. मुलींचा चेंडू सहा नंबरचा असतो, मुलांच्या चेंडूपेक्षा थोडा लहान आणि हलका. विकत घेताना तो मागून घ्यावा.

वेळ अशी ठरवावी की असरनंतर सुरू होऊन मगरिबच्या आधी मुली घरी पोहोचतील. सोबत शिक्षिका किंवा मुलींच्या आयांपैकी दोघी-तिघी असाव्यात. ज्या अम्मीला काळजी वाटते तिने कडेला येऊन बसावे, यासारखा उपाय नाही. मुलगी कशी खेळते हे एकदा डोळ्यांनी पाहिले की निम्मी काळजी आपोआप जाते. मुलींना वेगळी वेळ हवी असेल तर तशी मागणी ग्रामपंचायतीकडे आणि शाळेकडे करावी. १८९३ मध्ये एका कॉलेजने दार लावून मुलींना खेळू दिले. आपल्याला तर नुसती वेळ वाटून घ्यायची आहे.

पुढचा विचारही करून ठेवावा. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतात. प्रत्येक पायरीचे प्रमाणपत्र जपून ठेवावे. दहावी-बारावीच्या परीक्षेत पात्र खेळाडूंना वाढीव गुण मिळतात आणि महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस यांसारख्या खात्यांत कित्येक खेळाडू मुली नोकरीला लागल्या आहेत. हे सर्वांना मिळेल असे नाही. पण सुदृढ शरीर, हरल्यावर पुन्हा उठायची सवय आणि पाच जणींबरोबर जमवून घ्यायचे शहाणपण, हे खेळणाऱ्या प्रत्येक मुलीला मिळते.

मेहेरबानी करून येत्या वर्षी शाळेतून संमतिपत्र घरी आले की ते फ्रिजवर ठेवून विसरू नका. मुलीला जवळ बसवा आणि विचारा : "तुला खेळायचे आहे का?" ती हो म्हणाली, तर सही करा. बाकीचे आम्ही शिक्षक आणि मुली मिळून पाहू, इन्शाअल्लाह.